काबूलचा देखावा

फुलांची आरास करा, मोदक वाटा आणि वेळेत घरी जा, असं मी शंतनूला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं. पण मंडळाचा अध्यक्ष झालेला माणूस वेळेत घरी जायला तयार नसतो. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या मंडळात दर वर्षी गणपतीला सजीव देखावा असतो. म्हणजे खरी माणसं वेषभूषा करून, श्वास रोखून, पुतळ्यासारखी उभी राहतात, मागून निवेदन चालतं, पडदा पडतो आणि टाळ्या होतात. शंतनू पुण्याच्या पेठांमधले देखावे बघत मोठा झालेला. इथे वर्षभर गुपचूप कुठल्याशा कंपनीचा डेटाबेस सांभाळतो आणि ऑगस्ट लागला की त्याच्या अंगात येतं. आजवर अफझलखानाचा वध करून झाला, चांद्रयान झालं, एक वर्ष कोविडचा वॉर्डसुद्धा झाला. यंदा अमेरिकेच्या सैन्याला अडीचशे वर्षं झाली म्हणून विषय ठरला, 'अमेरिकन सैनिक परदेशात : काही सोनेरी क्षण'.

सोनेरी म्हणे! इतिहास असा कमिटीवर सोपवला की कसा चकचकीत होऊन येतो ते मी त्या दिवशी बघितलं. नॉर्मंडीचा किनारा सगळ्यांना मान्य झाला. उपाशी बर्लिनवर विमानातून चॉकलेटं टाकणारे वैमानिक तर फारच आवडले, कारण चॉकलेटं प्रेक्षकांत उधळता येणार होती. त्सुनामीनंतर इंडोनेशियात मदत पोचवणारं हेलिकॉप्टर झालं. देवांग म्हणाला, "आणि व्हिएतनाम?" देवांग इथेच जन्मलेला, त्याला आपला भाबडा प्रश्न पडला. शंतनू म्हणाला, "व्हिएतनाम नको यार, काँट्रोव्हर्शियल आहे." मग चौथा क्षण म्हणून त्याने काबूल काढलं. दोन हजार एकवीसचं, सैन्य परत निघालं तेव्हाचं. कुणीतरी म्हणालं, तेही वादग्रस्तच आहे की. त्यावर हा म्हणतो, "तो भिंतीवरून बाळ उचलून घेण्याचा सीन आहे ना, तो करायचा. बाळ कधी काँट्रोव्हर्शियल नसतं."

आणि माझ्याकडे वळला. "रत्नाताई, तुमचा ऋषी होता ना तिथे?"

होता. ऋषी माझ्या धाकट्या बहिणीचा, आसावरीचा एकुलता एक मुलगा. आमची घरं एकाच रस्त्यावर आहेत, त्यामुळे तो अर्धा माझ्याच घरी वाढला. इंजिनिअरिंगचं एक वर्ष करून तो सैन्यात गेला तेव्हा त्याच्या बापाने, मनोहरने, कितीतरी दिवस जेवणाच्या टेबलावर तोंड उघडलं नव्हतं. आसावरी नागपूरच्या नातेवाइकांना सांगायची, "ऋषी डिफेन्सच्या प्रोजेक्टवर आहे." ऐकणाऱ्यांना वाटायचं, पोरगा एसीत बसून कोडिंग करतोय. पुढे काबूलच्या बातम्या आल्या, विमानतळाबाहेरची ती गर्दी टीव्हीवर दिसायला लागली, आणि आम्ही तिघं त्या पडद्यासमोर बसून प्रत्येक हेल्मेटखाली त्याचं तोंड शोधत होतो. एके संध्याकाळी फाटकापाशी स्फोट झाल्याचं कळलं. तेरा अमेरिकन सैनिक आणि कितीतरी अफगाण माणसं गेली. त्याचा फोन येईपर्यंत मनोहर घराबाहेरच्या पायरीवर बसून होता. कारण अशी बातमी घेऊन गणवेशातली माणसं दारात येतात हे त्याने वाचलं होतं.

ऋषी सुखरूप आला. म्हणजे हातपाय धड घेऊन आला. पुढच्या वर्षी त्याने सैन्य सोडलं आणि आईबापांच्या घरी, गराजवरच्या खोलीत राहायला लागला. पहाटे एका गोदामात सामान लावायचं काम, दुपारी घरी, की दार बंद. जेवणाचं ताट वर न्यायचा. डॉक्टरकडे चार वेळा गेला, मग कॅन्सल करायला लागला. कुणी भेटायला आलं तर दोन मिनिटं बसायचा, आणि येणाऱ्यांबरोबर लहान मूल असेल तर तेवढंही नाही. मला वाटायचं, याला गोंगाट सोसत नसेल. आम्ही कुणी काही विचारायचो नाही. विचारलं आणि त्याने सांगितलं तर काय करायचं, ही भीती जास्त होती, हे मी आज स्पष्ट सांगते.

आसावरीला एकच हवं होतं. पोरगा माणसांत यायला हवा. बाकी पगार, लग्न, ग्रीन कार्डवाल्यांच्या मुलांनी घेतलेली घरं, सगळं तिने सोडून दिलं होतं. आणि ती आपल्यासारखीच असल्यामुळे तिला वाटलं की यावर उपाय म्हणजे सत्कार. आपल्याकडे माणूस कशानेही मोडला तरी आपण त्याच्या खांद्यावर शाल घालतो. "लोकांनी कौतुक केलं, चार शब्द चांगले बोलले, की बरं वाटेल गं त्याला," ती मला म्हणाली. "त्याला वाटतं कुणाला काही पडलेलीच नाही." मी म्हटलं, "आसावरी, त्याला काय वाटतं हे तुला माहीत नाही, मलाही माहीत नाही." तिने मान फिरवली. मग मीही तिला अडवलं नाही, कारण माझ्याकडे दुसरा उपाय कुठे होता?

शंतनू त्याला विचारायला घरी आला तेव्हा मी तिथेच होते. ऋषी जिन्यावर उभा राहूनच बोलत होता.

"नो स्पीच," तो म्हणाला.

"अजिबात नाही रे. तू फक्त युनिफॉर्ममध्ये भिंतीवर उभं राहायचंस. खालून एक बाई बाळ वर देईल, ते तू घ्यायचंस आणि फ्रीझ. निवेदन संपलं की पडदा. मग छोटासा सत्कार."

मला वाटलं आता हा नाही म्हणणार आणि वर जाणार. पण त्याने विचारलं, "क्राउड कोण आहे?"

"सेकंड-थर्ड ग्रेडची मुलं. गोड दिसतील."

"नो किड्स," ऋषी म्हणाला. "मोठी माणसं घ्या, काका. आणि बाळ म्हणजे डॉल ना?"

"डॉलच रे. टार्गेटच्या दुकानातून आणू."

"ओके."

तो ओके म्हणाला आणि आसावरीने माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. देखाव्याचं काम शंतनूच्या गराजमध्ये चालायचं आणि ऋषी रोज तिथे यायला लागला. पहिल्या दिवशी कोपऱ्यात उभा होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, भिंत फार बुटकी आहे. शाळेतून गायकांनी उभं राहायच्या लाकडी पायऱ्या मिळणार होत्या, त्यांच्यापुढे थर्मोकोलची भिंत बांधायची होती, ती त्याने आमच्या डोक्याच्या वर जाईल एवढी करायला लावली आणि आतून प्लायवूड ठोकलं. वर काटेरी तार हवी म्हणाला. बागेची जाळी कापून, वळवून, चंदेरी रंग देऊन त्याने स्वतः ती तार केली. मनोहर ऑफिसातून परस्पर तिथे यायचा आणि मुलाला खिळे द्यायचा. बापलेक बोलत नव्हते, पण एकाच दिव्याखाली काम करत होते. एकदा ऋषीने त्याला "बाबा, होल्ड धिस" म्हटलं, तर मनोहरचे डोळे भरून आले.

मग ऋषीने सांगितलं की लोक रस्त्यावर उभे नव्हते. भिंतीखाली एक गटार होतं, सांडपाण्याचा नाला, आणि लोक त्याच्यात उभे होते. गुडघ्याएवढ्या घाणीत, उन्हात, दिवसच्या दिवस. बायका, म्हातारे, सगळे. हे दाखवायला हवं.

शंतनू हादरलाच. "बाप्पापुढे गटार? अरे, लोक नमस्कार करायला येणार, आणि समोर गटार?"

"बट इट वॉज गटार, काका."

यावर मंडळाची वेगळी मीटिंग झाली, खोटं सांगत नाही. सुवर्णा पटवर्धनने सोवळंओवळं काढलं. कुणी म्हणालं, प्रसादाचं टेबल लांब ठेवू. शेवटी असं ठरलं की नाला दाखवायचा, पण निवेदनात त्याला 'पाणी' म्हणायचं, आणि त्यासाठी खाली पसरायचं कापड काळं नको, बदामी चालेल. माझीच एक जुनी बदामी साडी त्या कामाला गेली. ऋषीला हे सांगितलं तेव्हा तो हसला. कितीतरी वर्षांनी हसला तो. आसावरी मला रात्री फोनवर म्हणाली, "आज खाली बसून जेवला. दोन पोळ्या घेतल्या. तू उगीच घाबरत होतीस."

गर्दीत उभं राहायला आम्ही मोठी माणसं निघालो. मी, सुवर्णा, नंदू लिमये आणि त्याची बायको, ओळखीतले आणखी सातआठ जण. बाळ वर देणारी आई म्हणून चारुता, देवांगची बायको. ती पुण्याहून लग्न होऊन आलेली, उंच आणि हौशी, आणि तिला दहा महिन्यांचा वीर नावाचा मुलगा. कुणाकडेही झेपावणारा, गुबगुबीत पोरगा. तालमींना बाहुलीच असायची. चारुता बाहुली वर द्यायची, ऋषी वाकून एका हाताने घ्यायचा आणि थांबायचा. त्याचा चेहरा तेव्हा अगदी कोरा असायचा. निवेदन संपलं की तो बाहुली परत खाली द्यायचा, पाय धरून, आणि चारुता ती पिशवीत टाकायची.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता, शाळेच्या ऑडिटोरियममध्ये. अर्धं मॉरिसव्हिल आणि शेजारचं केरी लोटलं होतं. ढोल, लेझीम, पैठण्या, पोरांची पळापळ. नॉर्मंडीला टाळ्या पडल्या. बर्लिनला चॉकलेटांसाठी मुलांनी रांगा मोडल्या. पडद्यामागे आम्ही डोक्यावर ओढण्या घेऊन त्या बदामी साडीत उभे राहिलो. ऋषी भिंतीमागून चढून वर आला. गणवेशात तो मला एकदम परका वाटला.

पडदा उघडायच्या जेमतेम आधी विंगेतून चारुता धावत आली आणि तिच्या कडेवर वीर होता.

"अगं, बाहुली कुठाय?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"शंतनूकाका म्हणाले, डॉलचे डोळे निळे आहेत, फेक दिसतं समोरून. सजीव देखावा आहे, सजीवच पाहिजे. सरप्राइज!"

"ऋषीला विचारलंत?"

"तो काय नाही म्हणणार आहे, मावशी? वीर रडत नाही कुणाकडे."

मी तोंड उघडलं आणि पडदा सरकला. देखाव्यात पडदा सरकला की हलायचं नसतं. माझं तोंड तसंच उघडं राहिलं, आणि नंतर फोटोत सगळ्यांना वाटलं की रत्नाताईंनी काय आक्रोश दाखवलाय.

चारुताने वीरला वर उचललं. मला ऋषीचा चेहरा खालून स्वच्छ दिसत होता. बाहुली घ्यायला त्याने हात खाली केला होता, तो वीरच्या काखेला लागला आणि तिथे थांबला. वीरने पाय झाडले. एक क्षण मला वाटलं हा हात मागे घेईल. पण त्याने दोन्ही हात घातले, तार चुकवून पोराला वर घेतलं आणि छातीशी धरलं. शंतनूचा रेकॉर्ड केलेला आवाज सुरू झाला. "आणि मग काबूलच्या त्या विमानतळावर माणुसकीने भिंत ओलांडली..." वीर ऋषीच्या कॉलरशी खेळत होता. प्रेक्षकांतून असा काही हुंकार आला, की शंतनू विंगेत मुठी आवळून नाचायचाच बाकी होता. आसावरी पुढच्या रांगेत होती. ती रडत होती, आनंदाने.

टाळ्या थांबेनात. पडदा पडला.

चारुताने हात वर केले. "दे त्याला."

ऋषी हलला नाही.

"ऋषी, पडदा पडला. दे ना."

"आय कान्ट," तो म्हणाला.

नंदू हसला. आम्हाला वाटलं, वीरने तार धरली असेल, बटण अडकलं असेल. विंगेतून शंतनू घाईघाईने आला, "चला, चला, सत्काराचं टेबल लावायचंय." ऋषी दोन्ही हातांनी पोराला धरून उभा होता, हळुवारपणे, एका हाताने डोकं सांभाळत. चेहरा मात्र पांढरा पडला होता आणि घाम हनुवटीवरून वीरच्या टोपऱ्यावर पडत होता.

"ऋषी," चारुताचा आवाज बदलला. "माझं बाळ दे."

"आय नो. आय नो हा वीर आहे. मला कळतंय," तो म्हणाला. "पण मी खाली नाही देऊ शकत. हात जात नाहीयेत."

मग जे व्हायचं ते झालं. देवांग प्रेक्षकांतून स्टेजवर आला, "व्हॉट द हेल, मॅन!" म्हणून ओरडला आणि भिंतीला हात घालून ती हलवायला लागला. वर तार, त्यात ते पोर. वीर घाबरून रडायला लागला. ऋषी मागे सरकला, लाकडी पायरीच्या टोकाला. सुवर्णा किंचाळली. तिच्यामागे कुणीतरी फोन काढून म्हणालं, "नाइन वन वन लावतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जाऊन तो फोन त्याच्या हातातून हिसकावला. "लावून तर बघ! पोलीस येतील, त्यांना काय दिसेल? सावळा पोरगा, सैनिकी कपडे, हातात रडतं मूल. ते सत्कार करणार आहेत का त्याचा?" आणि देवांगचा दंड धरून मी त्याला भिंतीपासून ओढलं. मला एवढी ताकद कुठून आली माहीत नाही. "भिंतीला हात लावू नकोस, पडेल ते पोर." नंदूने त्याला मागून धरून ठेवलं.

पडद्याच्या पलीकडे ढोल सुरू होते. पडद्याच्या आत वीर रडत होता. मी त्या साडीत उभी राहून वर बघितलं.

"ऋषी," मी म्हटलं, "काय झालं होतं बाळा?"

चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

तो माझ्याकडे बघत नव्हता. चारुताकडे बघत होता. "मी एक घेतलं होतं," तो म्हणाला. "असंच. तिने वर दिलं, मी घेतलं. मुलगी होती. दुपट्यात. इट वॉज सो हॉट, मावशी. मी तिला पाणी लावलं ओठांना. अँड देन दे सेड, आईबाप आत नसतील तर मुलं घ्यायची नाहीत. दॅट वॉज द ऑर्डर. आईला आत घेता येत नव्हतं, तिच्याकडे पेपर्स नव्हते. सो आय गेव्ह हर बॅक." वीरला त्याने दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटलं. "ती घेत नव्हती. आई घेत नव्हती परत. हात मागे बांधून उभी राहिली. तिला वाटलं, नाही घेतलं तर मी ठेवीन. मग मी वाकून बाजूच्या माणसाकडे दिलं. मला अजून कळत नाही तो कोण होता. नंतर माझी ड्यूटी बदलली, आय वॉज इनसाइड, आणि संध्याकाळी तिथे..."

संध्याकाळी तिथे काय झालं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही ते टीव्हीवर बघितलं होतं, वरणभात खात. ते पोर तिथे होतं की कुणी घेऊन गेलं होतं, कोण सांगणार?

शंतनूने तोंडावर हात ठेवला होता. देवांगही हिसके द्यायचा थांबला होता. कुणाला काही सुचत नव्हतं आणि वीर तर आता श्वास कोंडून रडत होता.

सुचलं ते चारुताला. आईच ती. तिने ओढणी काढून फेकली आणि म्हणाली, "ऋषी, खाली नको देऊस. मी वर येते." नंदूला म्हणाली, "काका, गुडघा द्या." नंदू वाकला. त्याच्या गुडघ्यावर पाय देऊन, थर्मोकोलला खांदा घासत ती वर चढली. ऋषीने चटकन एक हात मोकळा केला, त्याने स्वतः वळवलेली ती तार बाजूला दाबली आणि तिला दंडाला धरून आत ओढून घेतलं. तिचा ब्लाउज खांद्यावर फाटला. ती पलीकडे त्याच्या शेजारी उभी राहिली, धापा टाकत.

"मी आत आहे," ती म्हणाली. "आता दे."

त्याने लगेच दिलं. एवढं सहज दिलं, की जणू मघापासून हेच सांगत होता आणि आम्हालाच कळत नव्हतं. चारुता पोराला घेऊन पायऱ्यांवर बसली आणि तिला रडू कोसळलं. देवांग मागच्या बाजूने धावत गेला, त्या दोघांना कवेत घेऊन मागच्या मागे निघून गेला. ऋषीकडे त्याने बघितलंही नाही. मी त्याला दोष देत नाही. माझं मूल असतं तर मीही बघितलं नसतं.

मला वाटलं, संपलं. सगळ्यांनाच वाटलं. सुवर्णाने मोठा श्वास सोडला. शंतनू कुजबुजत कुणाला तरी सांगायला लागला की आरती आधी घ्या, सत्कार राहू दे. मनोहर आणि आसावरी विंगेतून आत आले होते. त्यांनी किती ऐकलं होतं मला माहीत नाही, पण आसावरीच्या चेहऱ्यावरून वाटलं की सगळं. ती भिंतीखाली येऊन उभी राहिली.

"ऋषी, ये खाली राजा. घरी जाऊ आपण."

त्याने तिला बघितलं आणि त्याचा चेहरा पिळवटला. "आई, तिथे नको ना उभी राहू."

"बरं, नाही राहत. तू ये."

"डोन्ट स्टँड देअर, आई. प्लीज." त्याने वाकून दोन्ही हात खाली केले.

माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जिना चढताना ती कठडा धरते. पण तिने एक शब्द विचारला नाही. पदर खोचला, मनोहरच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याने तिला कमरेला धरून उचललं. वरून ऋषीने ओढलं. पैठणीचा काठ तारेत अडकून टर्रकन फाटला. ती आत गेली. त्याने तिला आपल्या मागे, भिंतीपासून लांब उभं केलं. मग मनोहरला हात दिला. मनोहरही गेला. तो जड माणूस, चढताना थर्मोकोलचा मोठा तुकडा खाली पडला. तिघं पलीकडे उभे राहिले. आसावरीने त्याच्या पाठीला डोकं टेकलं होतं. ती म्हणत होती, "झालं रे. आम्ही आलो. झालं."

पण झालं नव्हतं. ऋषी परत भिंतीशी आला.

खाली आम्ही होतो. सुवर्णा, नंदू, त्याची बायको, शंतनू, मी, आणि बाकीचे, ज्यांना हलायचं भान राहिलं नव्हतं. डोक्यावर ओढण्या, अंगावर धुळीचे रंग, पायांभोवती ती बदामी साडी. पडद्यापलीकडे आरती सुरू झाली, टाळ्यांचा ताल आला. ऋषी एकेकाकडे बघायला लागला. डावीकडून सुरुवात केली त्याने. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर थांबत होता.

"मावशी," तो म्हणाला, "आय कान्ट टेक एव्हरीबडी."

"नको घेऊस रे," मी म्हटलं. "आम्ही इथे ठीक आहोत. हे शाळेचं स्टेज आहे. आम्ही आपापल्या गाड्यांनी घरी जाणार आहोत."

"आय नो," तो म्हणाला. त्याला खरंच माहीत होतं. तेच तर भयंकर होतं. वेडा झाला असता तर निदान त्याला धरून तरी ठेवता आलं असतं.

मग तो म्हणायला लागला. हळू आवाजात, नीट, नाव घेऊन. "सॉरी, सुवर्णाकाकू." सुवर्णा ढसढसा रडायला लागली. "सॉरी, नंदूकाका. सॉरी, काकू." नंदूने हात जोडले. ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांना सर म्हणाला, मॅम म्हणाला. "सॉरी, शंतनूकाका." शंतनू तिथेच खाली बसला.

मी हात वर केलाच नव्हता. तरी मलाही म्हणाला, "सॉरी, मावशी."